नाटक थांबवणारे भगवानमामा

आमच्या भगवानमामांनी आजवर सहा नाटकं थांबवली आहेत. थांबवली म्हणजे भर प्रयोगात, पहिल्या रांगेतून उठून, हात वर करून. शाळेच्या स्नेहसंमेलनात लढाई ऐन रंगात आली असताना ते उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. त्या मावळ्याच्या हातात घड्याळ हाय." मावळ्याने घड्याळ काढून खिशात घातलं, तेव्हा कुठे लढाई पुढे सरकली. जत्रेतल्या नाटकात नायिका विष पिऊन गाणं म्हणायला लागली, तर यांनी तिलाच विचारलं, "बाई, कोणतं औषध पिलीस? इतका येळ भेटत न्हाई."

मामा आमच्या गावचे पोलीस पाटील. ताडकळसकडून येताना ओढा ओलांडला की पहिलंच घर त्यांचं. आयुष्यभर पंचनामे करून त्यांना ही खोड जडलेली. "जसं झालं तसं सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मग लग्न, बारसं, मयत काही बघत नाहीत. मी मास्तरकीतून निवृत्त झालो, तेव्हा शाळेत माझा निरोप समारंभ चालू होता. कुणीतरी म्हणालं, सर कधी उशिरा आले नाहीत. मामा लगेच उठले. "पावसाळ्यात दोनदा आलते. म्या पारावर बसलो व्हतो." एवढं बोलून त्यांनीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मला राग आला होता, पण करता काय, दोनदा आलोच होतो.

अशा माणसावर हसावं. आम्हीही हसायचो. पण महामारीच्या त्या बंदच्या दिवसांनंतर त्यांच्यावर हसायला मी धजत नाही.

तेव्हा गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, टाकून वेशी बंद केल्या होत्या. आमच्या वेशीवर खुर्ची टाकून मामा बसायचे. वरून आदेश होता, परवानगीशिवाय कुणी आत नाही. आणि मामांना आदेश म्हणजे वेद. चैत्रात त्यांची धाकटी बहीण कौसाबाई नवऱ्यासोबत ऊसतोडीवरून परतली. सोनपेठकडच्या तिच्या सासरच्या गावानेही काट्या टाकलेल्या, म्हणून दोघं माहेरी आली. मामांनी त्यांना काट्यांच्या पलीकडून सांगितलं, "चौदा दिवस मळ्यातल्या कोठ्यावर ऱ्हावा. मग आत घेतो." डोक्यावरचं बोचकं सावरून बहीण मळ्यातल्या गुरांच्या गोठ्याकडे वळली.

सहाव्या दिवशी सकाळी कोठ्यावर तिच्या नवऱ्याला, दाजींना, साप चावला. कौसाबाई त्यांना काखेत धरून, ओढत वेशीपर्यंत घेऊन आली. गावात जीप होती, ड्रायव्हर होता. मामा तहसिलीला फोन लावत राहिले. "परवानगी घ्यायलोय कौसा, दोन मिनिटं. लागंना गं फोन." फोन लागला तेव्हा दाजींचे डोळे मिटत आले होते. दाजी वाटेतच गेले, जीप पिंगळीहूनच परत आली.

सगळा दोष मामांवर टाकून गाव मोकळं झालं. पण त्या सकाळी त्यांच्या मागे आम्ही तीस-चाळीस जण उभे होतो. काटी हलकी असते. एका हाताने बाजूला होते. मीही हात लावला नाही, हे मी इथे कबूल करतो.

कौसाबाई तेव्हापासून माहेरी आलेली नाही. दर भाऊबीजेला मामा एसटीने सोनपेठला जातात, तिच्या दाराबाहेर तासभर बसतात आणि परत येतात. ती आतून कडी लावून घेते.

मागच्या वर्षी परभणीची काही शिक्षकमंडळी गावात आली. त्या दिवसांत माणसांनी माणसांना कसा आधार दिला यावर त्यांना संगीत नाटक करायचं होतं. ती आठवणी गोळा करत होती. मामा नेमके मळ्यात होते. आणि आम्ही काय सांगितलं? आमच्या गावाने काट्या काढल्या, ऊसतोड्यांना शाळेत ठेवलं, घरोघरच्या भाकरी नेल्या. हे सगळ्यांत रंगवून सांगणारा मी होतो. सांगता सांगता मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

एका रविवारी दुपारी परभणीच्या सभागृहात पहिला प्रयोग ठरला. सगळ्या गावाला बोलावणं. मामांना न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, तर ते इस्त्रीचं धोतर नेसून टेम्पोत आधीच बसलेले. मी त्यांना मागच्या रांगेत बसवायला बघितलं. पण ते पहिल्या रांगेत गेले, आणि मी त्यांना आवरायला म्हणून शेजारी बसलो.

पहिल्याच गाण्यात बायका पोळपाटावर भाकरी लाटायला लागल्या. मामा अर्धे उठले. "भाकर थापत्यात वो!" मी धोतराचा सोगा धरून त्यांना खाली बसवलं. गाणी मात्र अशी होती की, मागे बायका हुंदके द्यायला लागल्या. मग रंगमंचावर वेस आली. खऱ्या बाभळीच्या काट्या. पलीकडे डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई आणि तिचा नवरा. गावकरी गात गात पुढे आले, "काढा गं काटी, येऊ द्या घरी" आणि त्यांनी काट्यांना हात घातला.

मामा उभे राहिले.

"थांबा."

पेटी थांबली, ढोलकी थांबली. मामांनी विचारलं, "हे तुमाला कुणी सांगितलं?"

बोचकंवाली मुलगी गोंधळून म्हणाली, "गावातल्याच लोकांनी, काका."

मामांनी मागे वळून आमच्या गावाच्या रांगांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चपलांकडे बघत राहिलो.

"बरं," मामा म्हणाले. "चालू द्या. बाईच्या डोक्यावर वझं हाय, तिला उभी नका ठेवू."

आणि ते बसले. काट्या बाजूला झाल्या, दोघं आत आली, कुणीतरी त्या नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी रडत होतो, आणि शेजारच्यांना वाटलं असेल नाटक आवडलं.

बाहेर ऊन अजून कडक होतं. टेम्पोपाशी मामांनी विचारलं, "ह्येचा पुढचा खेळ कुठं हाय?"

"सोनपेठला. पुढच्या रविवारी."

"कौसाला घिऊन जाता का सर?"

मला राहवलं नाही. "मामा, ते सगळं खोटं आहे. मीच सांगितलं त्यांना."

"ठावं हाय मला. म्या व्हतो की तिथं."

"मग तिला कशाला दाखवायचं? तिला बघवेल का ते?"

मामांनी टेम्पोच्या फळीला हात घातला. "दाजी आत येत्यात न्हवं त्याच्यात," ते म्हणाले. "पानी पित्यात. एकदा बघू द्या तिला."

मी होकाराची मान हलवली. ते टेम्पोत चढले, बसले आणि पुन्हा खाली वाकले.

"अन् कुणी धाडलं म्हून इचारलं, तर माझं नाव घिऊ नका. उठून जाईल ती."