शाळेची एकुलती एक शाल

“पोरांच्या वस्तू पुसताय ते लई बरं. पण मोठ्यांच्या हातातनं काय फिरतंय, तेबी बघा ताई,” असं शाळेच्या सत्यशीला मॅडम म्हणाल्या होत्या. ऋतुजानं ते कानाआड केलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला मोठ्यांची कसली भीती? तिचा जीव अडकला होता पहिलीतल्या लेकीत, प्रियदर्शनीत. पोरीला दमा. मागच्या फ्लूत बीडला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला होता, आणि उमापूरजवळच्या त्या वस्तीशाळेत आता निम्मी पोरं शिंकत होती.

ऋतुजा साबणाचं पाणी घेऊन शाळेवर चालूनच गेली. दाराची कडी, नळाची तोटी, पाण्याचा पेला, डस्टर, कॅरमची सोंगटी न् सोंगटी! घंटेला तर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, तेव्हा शाळा सुटल्याचं कुणाला कळलंच नाही.

मॅडमचं काम मात्र बघत राहावं असं. बेचा पाढा संपेस्तोवर साबणानं हात चोळायचे, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शिंकणाऱ्याला थेट घरी धाडायचं. हळूहळू शिंका थांबल्या, वर पाढाही पाठ झाला.

गावानं दोघींचा सत्कार ठेवला. अध्यक्ष तात्याबा. मुलं पुण्याला, घरी एकटे. पण नारळ फुटायचा तिथं हजर. शाळेची शाल एकच. पांघरायची, फोटो काढायचा, घडी घालून पुढच्याला. मान आधी अध्यक्षांचा. तात्याबा भाषणभर नाक ओढत होते. शेवटी भरून आलं तेव्हा त्यांनी शालीच्या टोकानंच डोळे आणि नाक पुसलं. मग तीच शाल ऋतुजाच्या खांद्यावर. मॅडम कासावीस होऊन डोळ्यांनी खुणावत होत्या. ऋतुजाला वाटलं, फोटोसाठी हसा म्हणताहेत. तिनं शाल गालाशी धरली आणि छान हसली.

दोनच दिवसांत तिला सणसणून ताप. लेकीला जवळ घ्यायला हात पुढं केले, तर ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“हात लावू नको, आई. मॅडमनी तुलाच घरी धाडलं असतं.”

आणि आजीपाशी झोपायला निघून गेली. पोरीचा श्वास अगदी मोकळा! तापातही ऋतुजाचा ऊर भरून आला.

आता तिचं तुम्हांला एकच सांगणं. तात्याबांचं दार कालपासून बंद आहे. तिकडं जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधून हाक मारा. बसा म्हणतील, बसू नका. ‘मला काय झालंय?’ म्हणतील, ऐकू नका. दवाखान्याच्या गाडीत बसवूनच माघारी या.