एका छत्राखाली मयत

मनुष्याचे चित्त एका ठायी असावे, असे सर्व संतांनी सांगून ठेवले आहे. मनुष्याचे पैसेही एका ठायी असावेत, हे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. (बहुतेकांकडे पैसे नव्हते, हे कारण असू शकेल.) ही उणीव अमरावतीच्या श्री एकछत्र नागरी सहकारी पतसंस्थेने भरून काढली. तिच्या पाटीवर मुळात ‘एक छत्र, एक क्रमांक, मग कसली चिंता?’ असे लिहायचे होते. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून त्याने मधला शब्द गाळला. त्यामुळे ‘एक छत्र, एक क्रमांक, मग चिंता’ एवढेच राहिले. संस्थेने ते बदलले नाही. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

संस्थेची एकनिष्ठ खातेदार योजना अशी: बचत, मुदत ठेव, आवर्ती ठेव, यजमानांची पेन्शन, विजेचे बिल, गॅसचे अनुदान, सोनेतारण, विमा आणि लॉकर ही नऊही कामे एकाच क्रमांकावर. ग्रह नऊ आहेत, हे लक्षात घेऊनच आकडा ठरवला असावा. बाहेर कुठेही खाते नाही अशी लेखी शपथ दिली, की व्याज पाव टक्का जास्त, एक स्टीलचा डबा, आणि उपास-तापासांच्या तिथी छापलेले कॅलेंडर. (त्यात चतुर्थी एकदा पंचमीला पडली होती. मी दोन्ही दिवस धरले.)

शाखाधिकारी ललित शपथ घ्यायला स्वतः आमच्या घरी आला. मुलगा गोड बोलतो. म्हणाला, “काकू, संसार कसा एकाशीच केला तुम्ही? मग खातं काहून चार ठिकाणी?” यजमानांना, म्हणजे खुशालरावांना, हे फार पटले. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे एकाच खांबावर छप्पर उभे राहते यावर त्यांचा विश्वास आहे.

तेव्हाच ललितची नजर घासायला बाहेर काढलेल्या महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांवर गेली. चांदीचे दोन मुखवटे, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा, सासूबाईंकडून माझ्याकडे आलेले. एकतीस वर्षे मी ते गव्हाच्या कोठीत ठेवत आले. एकतीस वर्षांत कोणी नेले नाहीत. यावरूनच ते असुरक्षित आहेत, असे ललितने पटवून दिले. मुखवटे लॉकरमध्ये गेले. वर्षातून एकदा, भाद्रपदात, जाऊन आणायचे आणि तीन दिवसांनी परत नेऊन ठेवायचे. लक्ष्मी पतसंस्थेत राहते आणि माहेरपणाला आमच्याकडे येते, असे मी मनाशी धरले.

शेजारच्या पार्बताबाईला यातले काही पटले नाही. तिचे थोडे पोस्टात, थोडे जिल्ह्याच्या बँकेत, थोडे बचत गटात, थोडे परतवाड्याच्या भावाकडे, आणि बाकीचे तांदळाच्या डब्यात असते. कोणत्याच एका ठिकाणी तिचा पूर्ण विश्वास नाही. अशा विस्कळीत बाईचे पुढे काय होते, ते सांगून टाकते, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला लागायला नको. काही झाले नाही.

ती मला म्हणाली, “सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार महाराजांचा, शुक्रवार देवीचा, शनवार मारोतीचा. वाराले एकेक देव ठेवून राहिली तू, अन् पैशाले एकच ललित? महादेवावर नाही तेवढा भरोसा त्याच्यावर हाय का वं?”

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. तो श्रावणी सोमवार होता. श्रावणी सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझे मौन असते. (इतर दिवशीही उत्तर सुचले नाही, ही गोष्ट वेगळी.)

यंदा महालक्ष्म्या बसायला तीन दिवस उरले, तेव्हा मी धुतलेले पातळ नेसून, मुखवटे गुंडाळायला नवे खणाचे कापड घेऊन शाखेत गेले. ललितने माझा क्रमांक टाकला. पडद्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. परत पडद्याकडे पाहिले, आणि पडद्यावर विश्वास ठेवला.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “इथं मयत दाखवून राहिलं.”

“कोण?”

“तुमीच.”

आणि तो उभा राहिला. पाच वर्षांत तो माझ्यासाठी कधी उभा राहिला नव्हता. मेल्यावर माणसाचा मान वाढतो, तो असा.

येथे एका क्रमांकाचे सामर्थ्य ध्यानात घ्यावे. वेगवेगळ्या नऊ संस्थांत नऊ कामे असती, तर मी एका ठिकाणी मेले असते आणि आठ ठिकाणी हिंडत-फिरत राहिले असते. एका छत्राखाली मी एकाच क्षणी सगळीकडे गेले: बचतीत गेले, ठेवीत गेले, गॅसच्या अनुदानात गेले, लॉकरमध्ये गेले. अपवाद विमा विभागाचा. पैसे द्यावे लागतील असे दिसताच त्याने मृत्यू मानायला साफ नकार दिला आणि पुरावा मागितला. नऊ विभागांपैकी मला जिवंत मानणारा तेवढा एकच. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

“अरे, मग मुखवटे?” मी विचारले.

“लॉकर मयताच्या नावानं हाय, काकू. मयताले उघडता येत नाही.”

“पण मी उभी आहे ना इथे.”

“मले दिसून राहिलं,” ललित म्हणाला. “पण मले दिसून काय फायदा? नोंद अकोल्याच्या ग्राहक-आपुलकी कक्षाची हाय. तुमी अकोल्याले दिसा.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि यजमान एस.टी.ने अकोल्याला दिसायला गेलो. दोन दिवस उरले होते. मुखवट्यांवाचून महालक्ष्म्या बसत नाहीत. लाकडी चौकटीला साड्या नेसवता येतील, फुलोरा बांधता येईल, सोळा भाज्याही होतील. पण तोंडच नाही अशा देवीला घास कुठे दाखवायचा? छत्तीस वर्षांत खंड नाही. सासूबाईंना अर्धांगवायू झाला त्या वर्षीही नाही.

आपुलकी कक्षात रूपाली मॅडम होत्या. फार नम्र. वर्षातून एकदा प्रत्येक ज्येष्ठ खातेदाराला फोन करून तो हयात असल्याची खात्री करून घेणे, हे त्यांचे काम. त्यांनी मला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी फोन केला होता. मी मंदिरात अभिषेकाला गेले होते. फोन घरी होता. तो यजमानांनी उचलला. मॅडमनी ध्वनिमुद्रण ऐकवले. मी ते जसेच्या तसे देते.

“नमस्कार. आशाबाई आहेत का?”

“नाही. ते महादेवापाशी गेली.”

(येथे मॅडमच्या बाजूने कळा दाबल्याचा आवाज.)

“अरेरे. कधी?”

“आज सकायी. साडेसहाले.”

“काही त्रास झाला का त्यांना?”

“तरास कायचा? एक शब्द बोलली नाही. चुपचाप गेली.”

“तुम्ही कोण?”

“मी तिचा मालक. खुशालराव.”

“काका, धीर धरा. आता घरचं कसं?”

“कसं म्हंजे? चहा मीच मांडला. सवय हाय मले.”

ध्वनिमुद्रण येथे संपते. ‘येते ना दिवेलागणीले’ हे यजमानांचे पुढचे वाक्य त्यात नाही, कारण कक्षाच्या नियमानुसार आपुलकी चाळीस सेकंदांची असते.

“पण म्या तं मंदिरात गेली असं म्हनलं!” यजमान ओरडले.

“नाही काका,” रूपाली मॅडम म्हणाल्या. “मंदिर हा शब्द यात नाही. मी दोनदा ऐकलं. आणि वारसदारानं स्वतः सांगितलं, तर आम्ही दाखला मागत नाही. ज्यांच्या घरी असं झालं त्यांना धावपळ करायला लावायची नाही, असं आमचं धोरण आहे.”

कबूल केले पाहिजे, की धोरण चांगले आहे. जन्माची नोंद करायला ज्या देशात चार खेटे घालावे लागतात, तिथे मरण फोनवर उरकते, ही प्रगतीच होय.

जिवंत होण्याची सोय संस्थेत आहे. नमुना क्रमांक सतरा, ‘हयात पुनर्स्थापना अर्ज’. कामकाजाचे पंचेचाळीस दिवस लागतात. अर्जावर खातेदाराची सही हवी. मयत खातेदाराची सही संस्था ग्राह्य धरत नाही. या दोन नियमांमध्ये आजवर कोणी सापडले आहे काय, असे मी विचारले. मॅडमनी यादी पाहिली. चौदा जण अर्ज करून बसले होते. त्यांतले तीन जण दरम्यान खरोखरच गेले, त्यामुळे त्यांचे अर्ज वेळेत निकाली निघाले.

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूरपर्यंत यजमान तिकिटाची सुरळी करत बसले. मग एकदम म्हणाले, “मले बोलताच येत नाही वं नीट.”

“येतं हो,” मी म्हटले. “ऐकणाराला चाळीस सेकंद कमी पडतात.”

शुक्रवारी सकाळी आम्ही परत ललितपुढे. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. सोबत पार्बताबाई होती. ती बोलावल्याशिवाय आली होती आणि त्याचा तिला आनंद लपवता येत नव्हता.

ललितने दार लोटले आणि आवाज खाली आणला. “काकू, मी तुमच्या भल्याचं सांगतो. जिवंत व्हायच्या मांगं लागू नका. लय टाइम जाते. मयत म्हणून काम आजच होते. काका वारसदार हायेत. वारसदारानं अर्ज केला, दोन साक्षीदार आणले, की दुपारी लॉकर खुला. एकछत्रात मयताले रांग नाही.”

“कायची साक्ष?” पार्बताबाईने विचारले.

“मयताले ओळखत होतो, एवढंच लिहायचं.”

“ओळखते म्हंजे! रोज सकायी माह्या दारची फुलं तोडते ते मयत!”

पार्बताबाईने सही केली. दुसरा साक्षीदार हवा होता. तो शुक्रवारचा बाजार. रस्त्यावर कोणी उभे राहायला तयार नाही. घड्याळात साडेबारा. दीड वाजता लॉकरची खोली बंद होते.

मी व्रताने बांधलेली बाई. खोटे लिहिणार नाही. मी कागद पुढे ओढला आणि वाचला: ‘मी मयत व्यक्तीस किती वर्षांपासून ओळखतो/ओळखते.’ मी लिहिले: जन्मापासून. ‘मयत व्यक्तीच्या वर्तनाविषयी अभिप्राय.’ मी लिहिले: भोळी. यातल्या एका अक्षराबद्दलही मला देवापुढे खाली मान घालावी लागणार नाही. नावाच्या जागी मी माझे लग्नाआधीचे नाव घातले. वच्छला, मुक्काम हिवरखेड. लग्नात माझे नाव बदलून आशा ठेवले होते. त्यामुळे वच्छलाबाईंचे संस्थेत काहीच नव्हते, ना बचत, ना ठेव, ना विमा. म्हणूनच त्या जिवंत होत्या.

ललितने सही तपासली. माझ्याकडे पाहिले. पडद्याकडे पाहिले. “वच्छलाबाई,” तो म्हणाला, “या वाईट प्रसंगी आपण वेळात वेळ काढून आल्या.”

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी ज्येष्ठा आणि कनिष्ठा खणाच्या कापडात बाहेर आल्या. यजमानांनी त्या विधुर म्हणून सहीनिशी ताब्यात घेतल्या. रिक्षात मी मुखवटे मांडीवर धरले आणि जन्मात पहिल्यांदा देवीपुढे हसले. तिच्या तोंडावरही हसू दिसले. पण ते सासूबाईंच्या वेळेपासूनच कोरलेले आहे, म्हणून मी त्याचा अर्थ काढत नाही.

महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवायला साठ पानांवर माणसे झाली. आंबील, कढी, पुरण, सोळा भाज्या. पंगतीत पार्बताबाईने सगळी हकिकत सांगितली, ‘महादेवापाशी गेली’पासून ‘भोळी’पर्यंत. अंजनगाव सुर्जीहून आलेले माझे दीर रामराव इतके हसले, की त्यांना कढीचा ठसका लागला. ललितही जेवायला होता. त्याला मीच बोलावले होते. देवीच्या जेवणाला कोणाला नाही म्हणू नये. पान खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून फॉर्म काढले आणि पाव टक्का जास्त व्याजाची गोष्ट सांगितली. स्टीलचा डबाही दाखवला.

साठांपैकी एकवीस जणांनी तिथेच सह्या केल्या. पहिली सही रामरावांची.

मुखवटे आता परत गव्हाच्या कोठीत आहेत. माझा अर्ज अकोल्यात आहे. पंचेचाळीसपैकी एकोणीस दिवस झाले. तोवर गॅसचे अनुदान नाही, ठेवीचे व्याज नाही, फक्त विमा विभागाचे पत्र दर आठवड्याला येते, की तुम्ही मेलात यावर आमचा अजून विश्वास बसत नाही. मी ते देवघरात ठेवते.

तुम्ही हसलात, याचे मला वाईट वाटत नाही. तुमचा पगार, कर्ज, विमा आणि लॉकर कुठे आहेत, हे मी विचारणार नाही; ज्या फोनवर त्या सगळ्यांचे निरोप येतात, तो एकच आहे, हे मला ठाऊक आहे. एखाद्या रविवारी दुपारी तो वाजेल. तुम्ही जेवून आडवे झाला असाल. घरातले कोणीतरी उचलेल आणि तुमच्या मायेपोटी हळू आवाजात सांगेल, “झोपलेत ते.”

पलीकडून अत्यंत आदराने विचारले जाईल, “अरेरे. कधी?”