दस्तगीरचाचांचा चिपाडाचा माठ

व्याही पहिल्यांदाच घरी आलेले. त्यांच्यासमोर शेजारच्या दस्तगीरचाचांनी पाण्यानं भरलेल्या तांब्यात कापड रंगवायचा जांभळा रंग ओतला, तेव्हा मी ताडकन उठलोच!

"घाबरताय काय पावणं? बघा तर खरं!" म्हणत त्यांनी बुडाला भोक पाडलेला माठ पुढं केला. वरून जांभळं पाणी ओतलं, खालून नितळ गळायला लागलं. व्याही वाकून बघतायत, विहीणबाईंचा पदर नाकाला.

"पिऊ नगा हां! रंग तेवढा गेलाय. बाकीचं मला ठावं न्हाय."

उभा जन्म रंगखान्यात काढलेला हा माणूस आता रसाच्या गाड्यांवरची उसाची चिपाडं गोळा करत फिरतो. ती वाळवतो, डब्यात कोंडून जाळतो आणि तो कोळसा कुटून, धुऊन माठात भरतो. त्या धुरानं बायकोची वाळत घातलेली साडी काळी झाली, म्हणून मी तावातावानं भांडायला गेलो. तर म्हणतात, "भांडा की मास्तर, पण येताना चिपाडं आणलीसा का?" झालं, दुसऱ्या दिवसापासनं मीच चिपाडं आणून द्यायला लागलो!

परवा चाचा माठ मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर बसले. "वडगावच्या पलीकडं, भावाकडं."

"तुम्हाला भाऊ आहे?"

"हाय. बोलत न्हाय. रंगखान्याचं पाणी वढ्यात सोडायचा व्हॉल्व्ह माझ्या हातात हुता. वढ्याकाठची त्येची इहीर लाल झाली. रंगीत पाण्यानं वजू हुत न्हाय मास्तर. दारात इहीर, आन् नमाजाआधी हातपाय धुवायला लांबनं घागर आणतोय त्यो."

मी करकचून ब्रेकच दाबला. अहो, ज्या माणसाला मी देवमाणूस समजत होतो, त्यानं हे केलं होतं!

भावानं आम्हाला बघून मान फिरवली. चाचांनी विहिरीतनं बादली ओढली. पाणी लालभडक. माठातनं गुलाबी उतरलं. पुन्हा ओतलं, तरी गुलाबीच. तिसऱ्या खेपेला मात्र तांब्यात नितळ पाणी साठलं.

तेवढ्यात दुपारची अजान झाली. भाऊ उठले, तांब्यात डोकावले. मग बाह्या सारून चाचांपुढं बसले आणि ओंजळ धरली.

"डाल की पानी," ते म्हणाले.

चाचांनी तांब्या कलता केला, पण पाणी ओंजळीत पडेचना, बाहेरच सांडायला लागलं. भावानं त्यांचं मनगट धरलं.