मामा आले, कवळी गेली

"आज बाईंचे दात त्यांच्याच घशात घालतो की नाही बघ!" टक्केकाकांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं.

"आधी स्वतःचे नीट बसवून घ्या," काकू म्हणाल्या. "काल 'अर्थव्यवस्था' म्हणताना वरची कवळी माझ्या चहात पडली!"

टक्केकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट टक्क्यांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून हे नाव. आज संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात वादविवाद होता. विषय जोरदार: 'चोरवाटेनं आलेले परदेशी कामगार – देशावर ओझं की देशाला आधार?' काका ओझ्याच्या बाजूनं, समोर निवृत्त मुख्याध्यापिका बाई आधाराच्या बाजूनं. एरवी या सभांना काकू आणि वाचनालयाचा शिपाई एवढेच श्रोते. पण आज काकूंचे तिन्ही भाऊ येणार होते! त्यातले थोरले, म्हणजे मुलांचे मोठे मामा, धान्याचे बडे व्यापारी. बहिणीच्या लग्नापासून आजवर त्यांनी काकांच्या कुठल्याही पराक्रमाला 'वा!' म्हटलं नव्हतं. आज तो 'वा' त्यांच्या तोंडून काढायचाच, असा काकांनी पण केला होता.

त्यासाठी तोंड ठीकठाक हवं. म्हणून काका भर दुपारी दंतवैद्याकडे गेले.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या दुरुस्त करणारा कारागीर बसे. परदेशातून आलेला, हाताचा हलका आणि तोंडाचा फटकळ. त्याची नि काकांची भारी गट्टी. काका भाषणाची तालीमही त्याच्यासमोरच करत.

"यांच्यामुळे पगार बारा टक्क्यांनी पडतात!" काका गरजले.

"पडणारच!" कारागीर कवळी घासत म्हणाला.

"भाडी नऊ टक्क्यांनी चढतात!"

"माझाच चढला की, काका! आजकाल कोणीही येतो. भाषा येत नाही, काही नाही, आला की लगेच कामाला लागतो! आम्ही आलो तेव्हा काय शिस्त होता!"

"शिस्त होती."

"तेच म्हणतो मी. शिस्तच राहिला नाही!"

काकांना भरून आलं. एवढं मनापासून पटवून घेणारा श्रोता घरातसुद्धा नव्हता! हा स्वतः कुठल्या वाटेनं आला, हे विचारायचं त्यांच्या कधी डोक्यातही आलं नाही. आपलाच माणूस, त्याला काय विचारायचं?

"वरचा सैल आहे, खालच्याला चीर गेला आहे," कारागिरानं निदान केलं. दोन्ही कवळ्या काढून घेतल्या आणि कामाला बसला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकू होत्या.

"अहो, तिघंही निघालेत. मोठा दादा विचारतोय, तुमचे भाषणाचे कागद एकदा तपासून देऊ का? शिवाय गाडी मोठी आहे, गल्लीतून कुणाला सभेला आणायचं असेल तर घेऊन येतो म्हणतोय."

आता काकांच्या तोंडात एकही दात नाही! दात नसले की त, थ, द, स ही सगळी अक्षरं वाऱ्यावर जातात. ओठांनी बोलायची अक्षरं तेवढी ठणठणीत राहतात. आणि 'मामा' या शब्दाला तर नुसते ओठच लागतात!

"मामा निघाले?" काका आनंदानं ओरडले. "फगळे मामा? वा, वा! काय म्हणफा, मोठे मामा कागफ फपाफणार? फपाफू फे! एकेकाचे कागफ फपाफा म्हणावं! आणि गल्लीफले जेवढे मावफील फेवढे गाडीफ घाला आणि घेऊन या!"

'मामा' म्हणजे घरात आईचा भाऊ आणि गल्लीत पोलीस! बाकीचं बोलणं कारागिराला कळलं नाही. पण मामा, कागद आणि गाडी एवढं पुरेसं होतं. काका फोन ठेवून वळले, तर खुर्ची रिकामी, खिडकी सताड उघडी. कारागीर गायब! आणि त्याच्या अंगातल्या कोटाच्या खिशात काकांच्या दोन्ही कवळ्या!

"डॉक्टर!" काका बाहेर धावले. "कारागीर पळाला!"

डॉक्टरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "कोण कारागीर? माझ्याकडे कारागीर नव्हताच!"

"मग माझी कवळी?"

"कोणती कवळी?"

काका दातओठ खाणार होते, पण निम्मं साहित्य जागेवर नव्हतं. तोंडावर रुमाल धरून ते गल्लीत धावले. बघतात तर काय! 'मामा आले' ही बातमी त्यांच्या पुढे धावत गेली होती. बेकरीचा मालक स्वतः भट्टीसमोर उभा राहून पावांना "थांबा, थांबा" म्हणत होता आणि पाव काळे होत होते. लॉंड्रीवाला फुगलेल्या यंत्रातून बाहेर येणाऱ्या फेसात गुडघ्यापर्यंत उभा. खानावळीची मालकीणबाई भांड्यांच्या डोंगराकडे बघून रडकुंडीला आलेली.

"इफून कोणी पळफ गेला का?" काका प्रत्येकाला विचारत होते.

"आमच्याकडे कोणी नव्हतंच!" प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. कोणीच नव्हतं, आणि ते कोणीच नसल्यामुळे अख्खी गल्ली ठप्प झाली होती!

शोधून शोधून काका थकले. सभेची वेळ झाली. आता बिनदाताच्या तोंडानं मोठ्या मामांसमोर काय बोलणार? आयुष्यभराच्या अब्रूचा प्रश्न! पडेल चेहऱ्यानं ते सभागृहात शिरले आणि दारातच थबकले.

सभागृह तुडुंब भरलं होतं!

बेकरीतले कामगार, लॉंड्रीतले कामगार, भांडी घासणारे, रंगारी, गवंडी. सगळे ओळीत बसलेले, चेहरे गंभीर, हाताची घडी. लपायला याहून सुरक्षित जागा कुठली? आपल्याला हाकलण्याच्या सभेत आपल्यालाच शोधायला कोण येणार! तिसऱ्या रांगेत खुद्द कारागीर बसला होता. कुणी खोकलं तरी टाळी वाजवत होता.

काका मंचावरून त्याला खाणाखुणा करू लागले. तोंडाकडे बोट, खिशाकडे बोट. कारागिराला वाटलं, काका आपल्याला पकडून देतायत! तो खुर्चीत आणखी खाली सरकला.

इतक्यात दार उघडलं. तीन धिप्पाड माणसं आत आली. तिघांनाही भरघोस मिशा आणि तिघांनीही खाकी सफारी शिवलेली, एकाच ताग्यातली!

"या, मामा!" काका मंचावरून ओरडले.

अख्खं सभागृह ताडकन उभं राहिलं. कुणी डोळे मिटले. कारागिरानं दोन्ही हात वर केले.

"अहो, उभे का राहिलात सगळे?" काकू पुढे आल्या. "बसा, बसा! हे माझे भाऊ. आमच्या मुलांचे मामा!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा, मग रांगच्या रांग! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसू लागली. कारागीर तर हसता हसता रडायला लागला. आपलं एवढं स्वागत बघून मोठे मामा गहिवरले आणि हात जोडून पहिल्या रांगेत बसले.

इकडे टक्केकाकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माझा कारागीर! हासुद्धा त्यातलाच! ज्यांना उद्याच्या उद्या हाकलायचं होतं त्या बारा आणि नऊ टक्क्यांना आज पहिल्यांदाच नाक-डोळे फुटले होते, आणि ते तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होते.

तेवढ्यात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू तिसऱ्या रांगेतून हातोहात निघाली. रंगाऱ्याच्या हातून गवंड्याच्या, गवंड्याच्या हातून मोठ्या मामांच्या, तिथून मंचावर. काकांनी पाठ फिरवून वरची कवळी बसवली. काय बसली म्हणता! जन्माचीच असल्यासारखी!

"खालचा झाला नाही अजून!" कारागीर तिसऱ्या रांगेतून ओरडला. "काम बाकी आहे!"

बाई आधी बोलल्या. भाकरी कोण भाजतं, भिंती कोण बांधतं, त्यांची मजुरी शेवटी आपल्याच दुकानांत खर्च होते, असं बरंच काही. मग काका उठले. सुरुवात झोकात केली. पगार पडले, भाडी चढली, कर बुडाला! सभागृहानं टाळ्यांचा पाऊस पाडला. सगळ्यात जोरात कारागीर: "हाकला त्यांना! शिस्तच राहिला नाही!"

"म्हणून मी म्हणतो," काकांनी मूठ उगारली, "या सगळ्यांना उद्याच्या उद्या..."

मूठ वरच राहिली. तिसरी रांग टक लावून बघत होती.

"उद्याच्या उद्या नको," काका घाम पुसत म्हणाले. "आधी ज्यानं त्यानं हातातलं काम पुरं करावं. अर्धवट काम टाकून कोणालाही जाऊ देणार नाही! माझा ठराव आहे, हातातलं काम संपेपर्यंत कोणालाही हाकलू नये!"

छप्पर उडायची वेळ आली! सगळे हात वर. बाईंचासुद्धा वर. ठराव एकमतानं मंजूर!

"वा!" मोठे मामा उठून म्हणाले. काकांनी डोळे मिटून घेतले. "वा, भाऊजी! गर्दी काय जमवलीत! भाषणाचं मला काही कळलं नाही. ओझं म्हणालात की आधार?"

आता वाचनालयाच्या ठरावाला कुत्रंही विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण टक्केकाकांच्या लेखी ठराव म्हणजे ठराव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीत हजर झाले. गल्लीतून ताज्या पावाचा वास येत होता. डॉक्टरांकडे आता कारागीर पुन्हा होता.

"खालचा उद्या देतो, काका," तो म्हणाला. "लहानसा चीर आहे."

"खबरदार!" काका कडाडले. "लहानशी कशी? नीट बघ. भलतीच अवघड चीर आहे ती!"

कारागिरानं कवळी उजेडात धरली, मग काकांकडे बघितलं. "किती अवघड, काका?"

"माझ्या हयातीत भरणार नाही, इतकी."