महाशय बाबल तोडणकर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी बाबलकाका तोडणकरांचे नाव सांगतो. ते माझे नातेवाईक नव्हते आणि शिक्षकही नव्हते. मालवण बंदरावर भाड्याची मोटार चालवणारे ते आमचे शेजारी होते, आणि रोज सकाळी ते त्या मोटारीला गाऱ्हाणे घालत.

आमच्याकडे गाऱ्हाणे देवापुढे घालतात. एक जाणता माणूस पुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि मागचा जमाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ देतो. बाबलकाकांकडे जमाव नव्हता. लग्न केलेले नव्हते, आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तेव्हा गाऱ्हाणे तेच घालत आणि साथही तेच देत. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून म्हणायचे, "बा म्हाराजा, आज चौक्याच्या चढावर हिका खोकलो येव नको." मग एक पाऊल मागे सरकून, जरा जाड आवाजात, "व्हय म्हाराजा!" पुन्हा पुढे. "कोण मासळीची पाटी घेवन भितर बसलो, तर तेका वाटेत सुबुद्धी दी." पुन्हा मागे. "व्हय म्हाराजा!"

माझी आई विहिरीवरून ओरडायची, "बाबलभावजी, जरा दमान! मागचे लोक दमले!"

मोटार लढाईच्या आधीची, विलायती. तिची दोन दारे हाताने उघडत, तिसरे लाथेने उघडे, आणि चौथ्याबद्दल काका बोलत नसत. बोट बंदराला लागली की मुंबईची माणसे त्या मोटारीत कोंबून ते तारकर्लीपासून कणकवलीपर्यंत पोचवत.

मी मॅट्रिक झालो तेव्हा माझ्या वडिलांनी निकाल दिला, "पुरे झाली शाळा. उद्यापासून रापणीक चल." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आमच्या वाडीचे पोट त्यावर. मी गप्प राहिलो. बाबलकाका गप्प राहिले नाहीत. त्यांनी मोटार आमच्या खळ्यासमोर, म्हणजे अंगणापुढे, आणून उभी केली.

"लक्षुमण, झिलाक कॉलेजात धाडतंस काय वाजवू?"

"वाजव!" वडील म्हणाले.

काकांनी हॉर्न वाजवला. तीन दिवस, येता-जाता, जेवणाच्या वेळा सोडून. तिसऱ्या दिवशी वडील कानावर हात ठेवून बाहेर आले. "धाडतंय रे बाबा, पण तां थांबव. मासो किनाऱ्याक येयना झालो!"

काकांनीच मला घाट चढवून कोल्हापूरला पोचवले. चार वर्षांनी मी वाडीतला पहिला पदवीधर होऊन परतलो आणि गावच्या हायस्कुलात शिक्षक झालो. त्या दिवसापासून काकांनी माझे वसंत हे नाव टाकून दिले. "रे बीए, जेवलंस काय?" असे ते चारचौघांत मोठ्याने विचारत, म्हणजे चारचौघांना कळावे.

अशा माणसाच्या मोटारीवर एका दुपारी त्यांच्याच माडाचा नारळ पडला. काच फुटली आणि बॉनेटला घमेल्याएवढा खड्डा पडला.

किनाऱ्यावर कोणी माडाखाली गाडी लावत नाही. मी तसे म्हणालो. काका रागावले. "माडाक डोळे आसतत. माणसार तो नारळ टाकणा नाय. मोटार तेणा नीट बघूक नसली, तेचो काय दोष?"

गाडीचा विमा सरकारी होता. विमा कचेरी रत्नागिरीला. अर्ज लिहायचे काम अर्थातच माझे. मी बी.ए.ला शिकलेले सगळे शब्द गोळा करून बसलो. काकांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली, "बा विम्याच्या म्हाराजा, माझ्या पोटाचा साधन ज्या मोटारीर आसा, तिच्या कपाळार—"

"काका, असं नाही लिहीत अर्जात."

"तू लिही. आणि परत्येक ओळीखाली जागा सोड."

"कशाला?"

"तेंका 'व्हय म्हाराजा' म्हणूक!"

मी साधा अर्ज केला. त्यात 'अपघातास कारण ठरलेल्याचे नाव व पत्ता' असा रकाना होता. काकांनी तिथे 'माड, परसू, विहिरीच्या उजव्या अंगाक' असे लिहायला लावले आणि त्यापुढे, 'माडाविरुद्ध तक्रार नाही.'

महिन्याभराने नुकसान पाहायला एक साहेब आले. घाटावरचे, चष्मेवाले, सज्जन. त्यांनी खड्डा मोजला, काचेचे तुकडे पाहिले आणि विचारले, "नारळ कुठे आहे?"

"देवाक दिलो," काका म्हणाले.

"पुरावा होता तो!"

"तर काय! एवढो वरसून पडलो आणि माणसाक लागलो नाय. असो नारळ घरात ठेवतत काय? फोडून वाडीत वाटलंय. ह्या बीएन पण खाल्ल्यान."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. पुरावा मी गुळाबरोबर खाल्ला होता. साहेबांनी तसे कागदावर नोंदवले, काकांच्या हातची बांगड्याची कढी जेवले आणि हसत परत गेले.

त्यानंतर पत्रे येऊ लागली. पिवळट पाकीट, वर सरकारी शिक्का. काकांना अक्षर लावून वाचता येत असे, पण ते मलाच वाचायला लावत. पहिल्या पत्राची सुरुवात ऐकून त्यांनी मला थांबवले.

"काय म्हणालंस? परत वाच."

"महाशय."

"कोणाक म्हटल्यान?"

"तुम्हाला."

त्यांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले. मग शेवट ऐकायला पुढे वाकले. मी वाचले, 'आपला विश्वासू.' दुसऱ्या दिवशी ते बंदरावर सगळ्यांना सांगत होते, "माझो एक विश्वासू रत्नागिरीत आसा!"

पुढे माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. कचेरी तीन गोष्टी विचारी, काका एकीचेच उत्तर देत. मोटारीचे वय, चालकाचा परवाना आणि माडाचे घरापासूनचे अंतर विचारले, तर यांनी फक्त अंतर कळवले, तेही 'आमच्या पावलान' सतरा पावले.

"बाकीची दोन?"

"ती म्होरल्या पत्रात."

म्हणजे पुन्हा पत्र येई. पत्र येण्याच्या सुमारास काका दाढी करून खळ्यात बसत. पोस्टमन पूर्वी त्यांच्या बेड्यावरून, म्हणजे कुंपणाच्या फाटकावरून, सरळ पुढे जायचा, तो आता सायकल टेकवून पाणी प्यायचा. मोटार मात्र परसात तशीच होती. काच नाही, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. दावा फेटाळला गेला तर ती पुन्हा रस्त्यावर येणार नाही, हे मला दिसत होते.

वर्ष असे गेले. मग एका पत्राने ताकीद दिली: पंधरा दिवसांत संपूर्ण खुलासा न आल्यास दावा रद्द समजण्यात येईल. मी घाबरलो.

"काका, आता सगळं एकदम लिहू या."

"बघूया. दोन दिसांनी."

दोनाचे आठ दिवस झाले, आठाचे बारा. तेराव्या दिवशी मी त्यांना न विचारता सगळे प्रश्न एका कागदावर सोडवले, परवान्याची नक्कल जोडली आणि घाईघाईने सहीसाठी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला नाही. माझ्यावर विश्वास होता. मी तो रजिस्टर करून आलो आणि माझे ऋण थोडे तरी फिटले, अशा समाधानात झोपलो.

दावा मंजूर झाला. वाडीत आनंद झाला. माझे वडील म्हणाले, "बीए केल्याचो उपयोग झालो." आई साखर घेऊन गेली. मी काकांना पत्र वाचून दाखवले. 'सदर प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. यापुढे याबाबत पत्रव्यवहार करू नये.'

काका पाकिटाकडे बघत राहिले.

"असा कित्याक लिवल्यान रे? मी काय वायट बोललंय तेंका?"

"नाही काका, ती त्यांची पद्धत. काम संपलं."

"हां. काम संपला." त्यांनी पाकीट आधीच्या पाकिटांवर ठेवून सुतळी बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कोल्लापुराक होतंस, तेव्हा लक्षुमणाक तुझा पत्र येय. मी तुमच्या खळ्यात येवन बसय. शेवटाक तू लिवय, 'बाबलकाकांस नमस्कार.' तितकाच माझा. ता ऐकून मगे मी घराक जाय."

चार वर्षांत मला एकदाही वाटले नव्हते की या माणसाच्या नावाने वेगळे पाकीट घालावे. त्यांना वाचता येत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तशी समजूत सोयीची होती.

मोटार दुरुस्त होऊन आली. तिसरे दार हाताने उघडू लागले. काका भाडी करू लागले, पण पोस्टमनच्या वेळेला ते आपले खळ्यात असत. तो बेड्यावरून सरळ पुढे जाई.

पुढच्या रविवारी मी पत्र लिहिले. आमच्या घरांमध्ये पन्नास पावलांचे अंतर असेल. तरी मी बंदरावरच्या पोस्टात जाऊन तिकीट लावले. पोस्टमास्तरांनी पत्ता वाचून चष्म्यावरून पाहिले, पण शिक्का मारला. त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे, ती देतो.

श्री. बाबल तोडणकर यांस,

विषय: आपल्या प्रकरणातील अपुरी माहिती.

महाशय,

आपले प्रकरण निकाली काढल्याचे रत्नागिरीच्या कचेरीने कळवले, ते घाईचे झाले. त्यात खाली सही करणाऱ्याचीही चूक आहे. आपण सहीपूर्वी कागद वाचला नाहीत आणि त्याने तो वाचून दाखवला नाही. कोल्हापुरातील चार वर्षांत आपणांस एकही पत्र का गेले नाही, याचा खुलासाही त्यानेच करायचा आहे. तो त्याला अजून सापडलेला नाही; सापडेल तसा थोडा थोडा कळवला जाईल.

दरम्यान आपण पुढील माहिती पुरवावी. मोटार पहिल्यांदा चालवलीत तेव्हा शेजारी कोण बसले होते? आपल्या आईचे नाव काय? आपण बांगड्याची कढी करायला कोणाकडून शिकलात? एकटे जेवताना ती कशी लागते?

उत्तर आपल्या हाताने लिहावे. अक्षर कसेही चालेल. एका पत्रात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, ही विनंती. मुदत ठेवलेली नाही.

आपला विश्वासू,
वसंत