दोमलांची पाटी आणि बेपत्ता अंजीर

"जमिनीच्या पोटातलं पाप ओळखणारा फरगाना खोऱ्यातला एकमेव माणूस", अशी माझ्या सासऱ्यांची ख्याती आहे. ती पसरवतात तेच. आयुष्यभर त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये अँटेनांचं शास्त्र शिकवलं, म्हणून सगळं कुवा गाव त्यांना दोमला म्हणतं, म्हणजे मास्तर. निवृत्त झाल्यावर दोमला गुप्तहेर झाले. मी घरची सून, त्यामुळे मदतनीस व्हायला मला वेगळी परीक्षा द्यावी लागली नाही.

यंदाचं प्रकरण माझ्याच अंजिराचं होतं. माहेरचं घर विकलं तेव्हा तिथलं एवढं एकच रोप मी घेऊन आले. आमच्याकडे थंडीआधी अंजीर आडवं निजवून मातीखाली पुरतात आणि वसंतात उघडतात. यंदा पुरायची वेळ आली तेव्हा मी बाळंतपणाला इस्पितळात, आणि ओयी, म्हणजे सासूबाई, माझ्या उशाशी. झाड पुरलं दोमलांनी, एकट्यांनी. मग जुना तंदूर पाडून त्याची माती अंगणभर पसरली, तीही त्यांच्याच हौसेने. आता ऊन तापायला लागलं होतं. अंजीर लवकर उघडलं नाही तर आतल्या आत कुजणार, आणि अंदाजाने कुदळ घातली तर फांद्या तुटणार.

"बाबा, कुठे पुरलंत?" मी विचारलं.

"हा प्रश्नच चुकीचा आहे, बेटा. नेलं कोणी, असं विचार."

"विसरलात ना?" ओयी म्हणाल्या.

"गुप्तहेर विसरत नसतो. तो सगळ्या शक्यता मोकळ्या ठेवतो."

मग कपाटातून हत्यार निघालं. हातभर रुंद हिरवी पाटी आणि तिच्यावर तांब्याचा पातळ चौकोन, म्हणजे त्यांनीच बनवलेला अँटेना. ओलं काही जवळ आलं की पाटीचा सूर उतरतो, पोकळी आली की चढतो, धातू आला की बिथरतो. आधी मात्र तिला साधी माती दाखवून शून्य ठरवावं लागतं. दोमला चहा घेत अंगणातल्या लाकडी तख्तावर बसले होते. वाकायचा कंटाळा म्हणून त्यांनी बसल्या जागीच पाटी खाली धरली. "ही आपली निर्दोष जमीन!"

पाटी बाबागाडीच्या बुडाला बांधली. गाडीत माझी तान्ही झुलहुमोर, गाडी ढकलायला मी.

"थांब! सूर उतरला!" दोमला पाटीला तारेने जोडलेल्या छोट्या पडद्यावर डोळे लावून ओरडले. "खाली काहीतरी ओलं आहे. उबदार असणार. जिवंत असणार!"

"आहेच," मी म्हटलं आणि झुलहुमोरचा लंगोट बदलला.

दुसरी खूण कोठाराजवळ मिळाली. धातू! दोमलांनी स्वतः खणलं. चहाचं पाणी उकळायच्या सामोवाराचं झाकण. "चोराने मुद्दाम पुरलंय," ते म्हणाले, "आपली दिशाभूल करायला." तिसरी खूण पोकळी. म्हणजे भुयार. म्हणजे ते थेट शेजारच्या सोतिबोल्दींच्या घरात जाणार.

"नवरोझच्या सणापासून तो माणूस सारखा हसतोय. का?"

"सोन्याचे दात बसवलेत त्यांनी," ओयी म्हणाल्या. "ओठ मिटत नाहीत बिचाऱ्यांचे."

"आणि भुयार म्हणजे तुमच्या तंदुराचं जमिनीत राहिलेलं पोट आहे, दोमला!" भिंतीपलीकडून सोतिबोल्दी म्हणाले. "पाडलात तेव्हा मीच घमेली उचलली होती."

मला हसू आलं नाही. बाळाला पाजता पाजता मी ते सगळीकडे सारखंच दिसणारं अंगण बघत होते.

एवढ्यात ओयी गोधड्या झटकायला आल्या. "उठा जरा." दोमला उठले. ओयींनी तख्त बाजूला ओढलं आणि खालच्या जमिनीतल्या भेगेकडे बघत राहिल्या. भेगेतून बोटाएवढा पांढरट कोंब वर आला होता.

"अहो, तख्त इथेच का मांडलंत?"

"अंगणातली सगळ्यात उंच जागा..." दोमला थांबले. उंच का, ते त्यांना तेव्हा कळलं. निर्दोष ठरवली होती ती हीच जमीन. पाटीने बिचारीने सांगितल्याप्रमाणे अंजिरालाच शून्य मानलं होतं. म्हणून अंजीर सोडून तिला सगळं सापडत होतं.

"म्हणजे यंत्र अचूक आहे," दोमला पुटपुटले, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती सारू लागले, तान्ह्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी.

एकही फांदी कुजली नव्हती. मातीखाली सगळ्या लोकरी कापडात गुंडाळलेल्या होत्या. कापड करडं, जाड, अस्तर लावलेलं, बटणं असलेलं.

"हा तुमचा कोट," ओयी म्हणाल्या. "बसमध्ये चोरीला गेला म्हणाला होतात ना? सबंध हिवाळा खोकत काढलात."

दोमलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माहेरचं झाड होतं," ते मातीला म्हणाले. "थंडी फार होती."

मी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. ओयींनी कोट झटकला. "चला, दोन प्रकरणं सुटली. गुन्हेगार एकच."