आडवं कॅलेंडर

आमच्या वडगाव निंबाळकरात तात्यांच्या हातची वस्तू ओळखायला काही खूण लागत नाही. ती मागितलेल्या मापापेक्षा मोठी निघते. मी एकट्यापुरता पाट मागितला होता, त्यावर आम्ही नवरा-बायको शेजारी शेजारी बसून जेवतो. शाळेला त्यांनी खडूचा डबा करून दिला, त्यात आता सगळ्या वर्गांचे हजेरीपट राहतात. कुणी तक्रार केली की तात्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "आटंल की."

यामागं कारण आहे. तात्या तीस वर्षं बारामतीच्या एका फौंड्रीत लाकडी नमुने करायचे. त्या नमुन्याभोवती वाळू दाबायची, नमुना काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना आधीच अंगानं थोडा मोठा धरायचा. ही सवय त्यांच्या हाडात अशी मुरली की निवृत्त झाल्यावरही माणूस सगळं जग आटणारच असं धरून चालतो. सकाळच्या एसटीला तात्या पाऊण तास आधी फाट्यावर उभे असतात. सदरा दोन मापं मोठा. दोघं टपरीवर गेलो तरी चहा तीन सांगतात, आणि तिसरा कुणी आला नाही तर मुकाट्यानं स्वतः पितात.

एकच गोष्ट मापाला कमी भरायची, ती म्हणजे त्यांचं फोनवरचं बोलणं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या. एकुलती एक मुलगी सुजाता जर्मनीत इंजिनिअर आहे, जावई तिथलाच आणि मैत्री नावाची सात वर्षांची नात. फोन आला की तात्या विचारणार, जेवलीस का, बरी हाईस का, थंडी हाय का. तीन प्रश्न संपले की फोन कानाला लावून गप्प. पलीकडची नातही गप्प. मग सुजाता म्हणायची, बरं पप्पा, ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक फोन बराच लांबला. तिकडं म्हणे नाताळाच्या आधी चोवीस दिवस पोरं रोज एक छोटा खण उघडतात, आत काहीतरी गंमत असते. पुठ्ठ्याचं मिळतं ते एका वर्षात फाटतं. मैत्रीला लाकडाचं हवं होतं, दरवर्षी भरता येईल असं, आणि ते आबांनी, म्हणजे तात्यांनी, केलेलंच हवं होतं. याला तिकडं काय म्हणतात तेही सुजातानं सांगितलं, पण नेमकी त्याच वेळी रेंज गेली. तात्यांनी जे ऐकलं ते घेऊन ते सरळ माझ्याकडं आले.

"सर, आडवं कॅलेंडर कसलं असतंय हो?"

इथं माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. मी हायस्कुलात भूगोल शिकवला. मला माहीत नाही, हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारलं नाही आणि ती खोड घरी येताना शाळेत ठेवून आलो नाही. मी जरा डोळे मिटले आणि सांगितलं की आपली कॅलेंडरं उभी, खिळ्याला टांगायची. तिकडं घरात शेकोटी असते, तिच्यावर लांब फळी असते, त्या फळीवर ठेवायचं म्हणून त्यांची आडवी. चोवीस खण, एका रांगेत. कुठल्यातरी सिनेमात अशी शेकोटी बघितली होती, तेवढ्या भांडवलावर मी हे सगळं रचलं. तात्यांनी मान डोलावली आणि खिशातून पेन्सिल काढली.

लाकूड तात्यांच्या निरवांगी गावच्या बहिणीच्या बांधावरच्या जुन्या बाभळीचं आलं. पडवीत काम सुरू झालं. प्रत्येक खण चार बोटं रुंदीचा ठरला होता, तो तात्यांच्या हातात अर्थातच सहा बोटांचा झाला. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून. येणारे-जाणारे विचारायचे, तात्या, तुमचं घर बौद्ध, मग हे नाताळाचं काय काढलंय. तात्या रंधा न थांबवता म्हणायचे, "नातीनं मागितलंय. तिनं मागितल्यावर इचारत बसू व्हय?"

दसरा जवळ आला तेव्हा ते आडवं कॅलेंडर पुरं झालं. साडेआठ फूट लांब. पडवीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. प्रत्येक खणावर पटाशीनं कोरलेला मराठी आकडा, आणि आत चिंचोके, भोवरा, कवड्या, आंब्याच्या कोयीची पिपाणी, बाभळीच्या तुकड्याचा चिमुकला बैल. मी एक खण ओढायला गेलो तर तात्यांनी माझा हात धरला. तारखेआधी उघडायचं नाही, हा नियम सुजातानं सांगितला होता, आणि तो त्यांनी सगळ्या गावाला लागू केला होता.

ऑक्टोबरात सुजाता पंधरा दिवसांसाठी एकटीच आली. मैत्रीची शाळा होती. सुजाता पडवीत आली, त्या लांबलचक वस्तूकडं बघत राहिली आणि मग हसत हसत खालीच बसली. "पप्पा, आडवं न्हाय ओ. ॲडव्हेंट. ॲडव्हेंट कॅलेंडर. एवढंसं असतं, चार ओळींचं, टेबलावर मावतं. आडवं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुजाता माझी विद्यार्थिनी. मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "माझंच ऐकाय चुकलं. वय झालं." मी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी लावला.

विमानात ते जाणार नव्हतंच. कापून चार तुकडे करावेत म्हटलं, तर मागची फळी अखंड होती आणि करवत घातली असती तर सगळे सांधे सुटले असते. नवीन करायला दिवस उरले नव्हते. शेवटी सुजातानं आतल्या वस्तू एका पिशवीत भरून नेल्या आणि म्हणाली की तिथलं पुठ्ठ्याचं एक आणते, पप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तात्यांनी तिला बारामतीपर्यंत सोडलं. परत आले ते दोन दिवस पडवीत फिरकले नाहीत.

डिसेंबर लागला तेव्हा मला वाटलं विषय संपला. तात्यांनी मात्र चोवीसही खण पुन्हा भरले होते. काय भरलं ते सांगत नव्हते. रोज दुपारी बाराला, तिकडं सकाळ होते तेव्हा, फोन लावायचा आणि नातीसमोर एक खण उघडायचा असा त्यांचा बेत होता. पहिले दोन दिवस जमला. मग सुजातानं सांगितलं की सकाळी शाळेची घाई असते, आपण रविवारी बोलूया. तात्या म्हणाले, व्हय व्हय, रविवारीच बरं.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी गेलो तेव्हा तात्या गिरणीत दळणाला गेले होते. पडवीत मी आणि ते कॅलेंडर. माणसानं करू नये ते मी केलं, एक खण ओढला. आत घडी घातलेली चिठ्ठी होती. तात्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मैनी म्हैस व्याली. पारडू कपाळाला पांढरं. हे सांगायचं." दुसरा ओढला. "आजी पोहायला कशी शिकली ते सांगायचं. नीरेच्या कालव्यात. हसू येईल." म्हणजे फोनवर गप्प बसावं लागू नये म्हणून या माणसानं रोजचा एक विषय लिहून ठेवला होता. मग मी त्या दिवसापर्यंतचे एकेक खण ओढत गेलो. पहिल्या दोन दिवसांचे आणि रविवारांचे खण रिकामे होते. बाकीच्या दिवसांच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा पडून होत्या, कारण त्या दिवशी फोनच झाला नव्हता.

सतराव्या खणात लिहिलं होतं, "कॅलेंडर आडवं कसं झालं ती गंमत सांगायची. सरांचं नाव घ्यायचं नाही."

मी चिठ्ठी होती तशी घडी करून ठेवली आणि घरी आलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. बायकोनं जेवायला वाढलं, तेव्हा त्या मोठ्या पाटावर बसवेना.

रविवारी बाराला मी हजर राहिलो. फोन लागला, पडद्यावर मैत्री आली, तात्यांचे तीन प्रश्न झाले आणि मी फोन मागून घेतला. म्हणालो, "मैत्री, मी शेजारचे सर. आबांचं काही चुकलं नव्हतं. मला माहीत नसताना मीच त्यांना आडवं सांगितलं. आईलाही सांग." तात्या माझ्या दंडाला धरून मला मागं ओढत होते. मैत्री विचार करत होती. मग तिच्या त्या अडखळत्या मराठीत तिनं विचारलं, "आबा, आडवं म्हणजे काय?"

तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांचा चेहरा उजळला होता, कारण हा प्रश्न कुठल्याच चिठ्ठीत नव्हता. "थांब, दावतो," म्हणाले, आणि फोन त्या कॅलेंडरासमोर धरून पहिल्या खणापासून चालायला लागले. एका वेळी पडद्यात दोनच खण मावत होते. मी खण चार ओळींत बसवायला सांगितले असते, किंवा मला ठाऊक नाही एवढंच म्हटलं असतं, तर आज ते सगळं तिच्या टेबलावर असतं. "ह्यो एक, ह्यो दोन, ह्यो तीन. ह्याच्यात म्हशीचं हाय, त्ये सांगतो नंतर." ते सावकाश चालत होते. बाराव्या खणापर्यंत पलीकडून तिचा हं, हं असा आवाज येत होता.

पंधराव्या खणापाशी फोन तुटला. पुन्हा लावा, मी म्हणालो. तिला कुठंतरी जायचं असेल, तात्या म्हणाले. फोन तसाच समोर धरून ते सोळाव्यापाशी गेले, मग सतराव्यापाशी, आणि चोवीसपर्यंत आकडे मोजत गेले.